पाठवलेली कार्डं नोंदली जात नाहीत आणि हवी ती येत नाहीत: पोस्टकार्डांच्या अदलाबदलीत बघायचं कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाच महिन्यांपूर्वी पोस्टक्रॉसिंगवर, म्हणजे अनोळखी लोकांशी पोस्टकार्डांची अदलाबदल करून देणाऱ्या संकेतस्थळावर, खातं उघडलं. २२ कार्डं पाठवली, त्यांतली १३ नोंदली गेली, आणि स्वतःच्या हातात आली ९. आवड दीपगृहांची आणि नकाशांची, पण येतात ती फुलं, मांजरी आणि फुकट वाटलेली जाहिरातींची कार्डं. दोघांशी थेट अदलाबदल ठरवली, इकडून कार्डं गेली, तिकडून काहीच आलं नाही. आलेल्यांपैकी काही ओरखडलेली, एकावर तर शिक्का चित्रावरच बसलेला. चुकतंय कुठे, आणि जी आली ती ठेवायची कशात?

या चारही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत, त्यामुळे ‘टपालाचा भरवसा नाही’ एवढ्यावर विषय सोडू नका. काही गोष्टी खरंच आपल्या हातात नसतात: कुठल्या देशातून कुठे जायचंय, त्या मार्गावर विमानटपाल सुरू आहे का, समोरचा माणूस अजून या छंदात आहे की कंटाळून निघून गेला. पण ज्या हातात आहेत त्या जवळजवळ सगळ्या कार्डाच्या मागच्या बाजूवर ठरतात. चित्र निवडण्यात अर्धा तास जातो आणि पत्त्याची बाजू पाच मिनिटांत उरकली जाते. मी प्रत्येक नव्या माणसाला याच्या नेमकं उलट करायला सांगते.

आधी हिशेब सोडवू. २००५ साली पोर्तुगालमधून सुरू झालेल्या पोस्टक्रॉसिंगचा नियम असा: तुम्ही पाठवलेलं कार्ड पोचलं, घेणाऱ्यानं कार्डावर लिहिलेल्या आयडीवरून (प्रत्येक कार्डाला मिळणाऱ्या क्रमांकावरून) संकेतस्थळावर नोंद केली, की तुमचा पत्ता कार्ड मिळण्याच्या रांगेत लागतो. म्हणजे बदल्यात कार्ड मिळतं ते पाठवल्याबद्दल नाही, नोंद झाल्याबद्दल. तुमची १३ नोंदली गेली, म्हणून १३ यायला हवीत. ९ आली. राहिलेली ४ बहुधा वाटेत आहेत, किंवा तुमचा पत्ता अजून कोणाच्या हाती पडायचा आहे. तुमच्याकडे निघालेलं एखादं कार्ड हरवलंच, तर मुदत संपल्यावर तुमचा पत्ता दुसऱ्या कोणाला दिला जातो. ते कार्ड बुडीत खात्यात जात नाही.

मग न नोंदलेली ९ राहतात. त्यांत ६० दिवसांच्या आतली किती, ते आधी मोजा. ती फक्त प्रवासात आहेत. उघडं पोस्टकार्ड विमानानं दूरच्या देशात पोचायला दोन ते सहा आठवडे लागणं अगदी नेहमीचं आहे, आणि वर्षअखेरीच्या सणांच्या गर्दीत त्याहून जास्त. एखाद्या मार्गावर टपाल जहाजानं जात असेल तर महिनेच मोजायचे. ६० दिवस झाले की कार्डाची ‘मुदत संपली’ असं दिसतं, त्याचा अर्थ एवढाच की त्या कार्डानं अडवलेली जागा मोकळी झाली आणि तुम्ही नवा पत्ता मागू शकता. सुरुवातीला एका वेळी ५ कार्डं प्रवासात ठेवता येतात, पुढे ही मर्यादा वाढत जाते. मुदत संपलेलं कार्डही वर्षभरापर्यंत नोंदता येतं, त्यामुळे त्यावर लगेच काट मारू नका.

६० दिवसांच्या पलीकडची जी राहतील त्यांच्यासाठी एक तक्ता करा. रकाने असे: आयडी, देश, टाकल्याची तारीख, कुठल्या पेटीत टाकलं, कार्डाचा आकार आणि कागद, कुठलं पेन, तिकिटं कशी लावली, नोंदीची तारीख. हा तक्ता भरला की कारण बरेचदा आपोआप दिसतं. न नोंदलेली सगळी एकाच देशाची असतील तर अडचण मार्गाची आहे. देश वेगवेगळे पण कार्डं एकाच गठ्ठ्यातली, गुळगुळीत कागदाची असतील तर शाई पुसली गेली किंवा तिकीट निघालं, असा संशय धरा. एकाच दिवशी एकाच पेटीत टाकलेली सगळीच गायब असतील तर ती पेटी सोडा आणि थेट टपाल कार्यालयात द्या. आणि काहीच समान धागा नसेल, पण त्या सदस्यांचा खात्यातला वावर महिनोन्‌महिने थांबलेला दिसत असेल, तर कार्ड पोचलं असण्याची शक्यता बरीच आहे. फक्त नोंद करायला कोणी नाही. ६० दिवसांनंतर अशा माणसाला दोन ओळींचा निरोप पाठवायला हरकत नाही: अमुक तारखेला अमुक चित्राचं कार्ड पाठवलं होतं, मिळालं का? सूर चौकशीचा ठेवा, वसुलीचा नको.

आता मागची बाजू. पहिलं अधिकृत पोस्टकार्ड १ ऑक्टोबर १८६९ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीत निघालं, तेव्हा त्याची एक अख्खी बाजू पत्त्यासाठी राखलेली होती. चित्रांची कार्डं आल्यावर मजकूर चित्राच्याच कडेला कोंबावा लागे. ब्रिटननं १९०२ मध्ये आणि अमेरिकेनं १९०७ मध्ये ही बाजू मधोमध विभागायला परवानगी दिली, आणि डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता ही आजची मांडणी रुळली. जागतिक टपाल संघटनेच्या नियमात आजही किमान उजवा अर्धा भाग पत्ता, तिकिटं आणि टपालाच्या चिठ्ठ्या यांच्यासाठी राखीव आहे. मजकूर लांबला म्हणून पत्त्याभोवती वळवून लिहिणं, उजव्या अर्ध्यात चिकटचित्रं लावणं, रंगीत वॉशी टेपची (नक्षीच्या कागदी चिकटपट्टीची) किनार पत्त्यापर्यंत नेणं, हे सगळं त्या राखीव जागेवरचं अतिक्रमण आहे. छाननी करणारं यंत्र पत्ता शोधतं तेव्हा त्याला तिथे फक्त पत्ताच सापडायला हवा.

याच कारणानं खालची पट्टीही मोकळी सोडा. पत्त्याच्या बाजूचा तळाचा साधारण दीड ते दोन सेंटिमीटर भाग कोरा ठेवायचा, कारण अनेक देशांची यंत्रं तिथे बारकोड छापतात. आयडी सगळ्यांत खाली उजव्या कोपऱ्यात लिहिला असेल तर तो नेमका त्या पट्ट्यांखाली जातो आणि घेणाऱ्याला वाचताच येत नाही.

आणखी एक सापळा म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता. पाकिटावर तो लिहायची सवय असते, पण कार्डावर दोन पत्ते आले की यंत्र कधी कधी चुकीचा उचलतं आणि कार्ड फिरून तुमच्याच दारात येतं. पोस्टक्रॉसिंगच्या कार्डावर स्वतःच्या पत्त्याची गरजच नसते, आयडी पुरतो. थेट अदलाबदलीतही समोरच्याकडे पत्ता आधीच असतो. लिहायचाच झाला तर डाव्या अर्ध्यात अगदी वर, बारीक अक्षरात लिहा.

पत्ता जसा दिला आहे तसा, ओळीला ओळ उतरवा. ‘सुधारू’ नका. जर्मनीत पाच आकडी टपालसंकेत शहराच्या नावाआधी येतो, ब्रिटनमध्ये शहरानंतर स्वतंत्र ओळीत, जपानमध्ये सात आकडे असतात आणि तिसऱ्यानंतर आडवी रेघ. क्रम बदलला तर माणसाला कळतं, यंत्राला कळेलच असं नाही. देशाचं नाव मात्र सगळ्यांत शेवटच्या ओळीत, मोठ्या रोमन अक्षरांत हवं, कारण तुमच्या देशातल्या टपालाला फक्त तेवढंच वाचायचं असतं. बाकीचा पत्ता वाचणार तिकडचा पोस्टमन. म्हणून जपानी, चिनी, कोरियन, रशियन पत्ता मूळ लिपीत दिलेला असेल तर तो छापून चिकटवणं सर्वांत उत्तम. वरच्या ओळी त्यांच्या लिपीत, शेवटची ओळ रोमन लिपीत. चिठ्ठी चिकटवताना चारही कडांना डिंक लागला आहे ना ते बघा. नुसता मध्ये लावला तर यंत्राच्या पट्ट्यात कोपरा अडकतो आणि पूर्ण पत्ताच सोलून निघतो. ‘हवाई टपाल’ची निळी चिठ्ठी किंवा ‘पार आव्हियों’ हे शब्द लावून टाकावेत. फ्रेंच ही टपाल संघटनेची अधिकृत भाषा असल्यामुळे ते सगळीकडे समजतात.

आयडीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण न होणाऱ्या नोंदी मी पाहते तेव्हा संशय आधी इथेच जातो. आयडी म्हणजे देशाची दोन रोमन अक्षरं आणि पुढे एक आकडा. अक्षरांतच पहिली गफलत होते: सीएच म्हणजे स्वित्झर्लंड, चीन म्हणजे सीएन. एटी ऑस्ट्रिया, एयू ऑस्ट्रेलिया. शिवाय ही अक्षरं पाठवणाऱ्याच्या देशाची असतात, घेणाऱ्याच्या नव्हे. नवीन माणसं पुष्कळदा इथे समोरच्याचा देश लिहून मोकळी होतात. मग आकडे. युरोपातल्या बऱ्याच देशांत इंग्रजी एक लिहिताना डोक्यावरून लांब तिरपी रेघ खाली आणतात आणि सातच्या कमरेतून आडवी रेघ ओढतात. तुम्ही साधा, बिनरेघेचा सात काढलात की तिकडे तो एक वाचला जातो. म्हणून सातला नेहमी आडवी रेघ द्या, एक सरळ काठीसारखा काढा, चारचं डोकं उघडं ठेवा म्हणजे तो नऊ वाटणार नाही. आयडी दोनदा लिहा, एकदा मजकुराच्या वर आणि एकदा मजकुराच्या शेवटी, म्हणजे एका ठिकाणी शिक्का बसला तरी दुसरा शाबूत राहतो. लिहून झाल्यावर अंक एकेक करून, उलट्या क्रमानं ताडून बघा. सरळ वाचताना डोळा आपल्याला हवं तेच वाचतो. आणि तुमच्याकडे आलेल्या कार्डाचा आयडी लागला नाही तर ते बाजूला टाकू नका. आयडी शोधून देण्यासाठी मदतीचा फॉर्म आहे, तिथे कार्डावरची माहिती भरा. तिकडे कोणाची तरी नोंद त्यावर अडलेली असते.

शाई आणि कागद. चांगल्या पोस्टकार्डाचा कागद साधारण ३०० ते ३५० जीएसएमचा (एका चौरस मीटरला इतक्या ग्रॅमचा) असतो आणि १० बाय १५ सेंटिमीटरचं असं कार्ड पाचेक ग्रॅम भरतं. घरी छापलेली पातळ कार्डं यंत्रात वाकतात, कोपरे दुमडतात. मागची बाजू मॅट, किंचित खरखरीत असेल तर कुठलंही पेन चालतं. पण दोन्ही बाजूंना चकाकी दिलेली कार्डं असतात, त्यांवर जेल पेनची शाई वाळल्यासारखी दिसते आणि अंगठा फिरवला की पसरते. लिहायच्या आधी तिकीट लागणार त्या चौकटीत छोटी रेघ ओढा, अर्धा मिनिट थांबा, अंगठ्यानं घासा. पसरली तर बॉलपेन घ्या किंवा रंगद्रव्याच्या शाईचं जलरोधक पेन. फाउंटन पेनची नेहमीची शाई पाण्याच्या एका थेंबात वाहून जाते, आणि उघड्या कार्डाला पाऊस चुकत नाही. पत्ता तरी तिनं लिहू नका. बॉलपेननं लिहिताना कार्डाखाली टणक, सपाट पृष्ठभाग ठेवा. मऊ वहीवर ठेवून लिहिलं तर प्रत्येक अक्षर चित्राच्या बाजूनं उमटतं, आणि तिरप्या उजेडात धरल्यावर आकाशाच्या निळ्या भागात तुमचा सगळा मजकूर उलटा दिसतो.

तिकिटांचंही तेच. पाण्यानं ओली करून लावायची तिकिटं चकचकीत पृष्ठभागावर धरत नाहीत, वाळली की वर उचलतात. तिथे ग्लू स्टिक वापरा आणि चारही कोपरे बोटानं दाबून धरा. तिकिटं उजव्या वरच्या कोपऱ्यातून सुरू करून डावीकडे ओळीनं लावायची, पत्त्यावर चढवायची नाहीत, एकावर एकही नाहीत. चित्राच्या बाजूला तिकीट लावून त्यावर शिक्का घ्यायचा हा वेगळा प्रकार आहे, त्याला मॅक्सिमम कार्ड म्हणतात. त्यात चित्र, तिकीट आणि शिक्का तिन्हींचा विषय जुळावा लागतो आणि शिक्का काउंटरवर मागून घ्यावा लागतो. साध्या अदलाबदलीत ते करू नका.

आकाराचा नियम अनेकांना माहीत नसतो, आणि दर चुकतो तो तिथे. आंतरराष्ट्रीय नियमात पोस्टकार्ड किमान ९० बाय १४० मिलिमीटर आणि जास्तीत जास्त १२० बाय २३५ मिलिमीटर, आणि लांबी रुंदीच्या किमान १.४ पट. १० बाय १५ सेंटिमीटर बसतं. १२ बाय १७ जेमतेम बसतं. १३ बाय १८ बसत नाही, कारण रुंदी १२० च्या पुढे जाते. चौरस कार्ड प्रमाणात बसत नाही. नकाशाच्या किंवा दीपगृहाच्या आकारात कापलेली कार्डं तर अजिबातच नाहीत. अशांना काही देशांत पत्राचा दर लागतो, काही ठिकाणी जादा आकार, तर काही ठिकाणी पाकिटातूनच पाठवावी लागतात. हे तुमच्या देशाच्या दरपत्रकावर अवलंबून आहे, ते एकदा नीट वाचून ठेवा. दर कमी पडला तर कार्ड परत येतं, किंवा त्यावर ‘टी’चा शिक्का बसतो आणि फरक घेणाऱ्याकडून मागितला जातो. अनोळखी माणसाला भेट पाठवून वर भुर्दंड लावणं फार वाईट. तुमच्या तक्त्यात परत आलेली कार्डं असतील तर आकार आधी तपासा.

ओरखडे आणि चित्रावरचा शिक्का यांबद्दल मात्र तुमचा दोष नाही, पाठवणाऱ्याचाही नाही. कार्ड यंत्रात पालथं गेलं की शिक्क्याच्या नागमोडी रेघा चित्रावर येतात, आणि पट्ट्यांचं घर्षण गडद, चकचकीत चित्रांवर जास्त दिसतं. काउंटरवर देऊन हातानं शिक्का मारायची विनंती करता येते. काही ठिकाणी मानतात, पण त्यानंतरचा प्रवास यंत्रातूनच होतो. पूर्ण स्वच्छ कार्ड हवं असेल तर पाकीट हाच उपाय. इथे तुम्हाला ठरवावं लागेल की तुम्ही गोळा काय करताय: चित्र, की टपालातून आलेली वस्तू? माझं मत विचाराल तर प्रवासाच्या खुणा असलेलं कार्ड जास्त मोलाचं. तारखेचा शिक्का, तिकीट आणि हस्ताक्षर यांमुळे ते कार्ड जगात एकच उरतं, आणि कोऱ्या प्रती दुकानात कितीही मिळतात. पण दीपगृहांचा नेटका संच लावणाऱ्या माणसाला हे पटणार नाही, आणि त्याचंही बरोबर आहे.

आता हवी ती कार्डं न येण्याबद्दल. पोस्टक्रॉसिंगवर पाठवणाऱ्यावर तुमच्या आवडीचं बंधन नाही, आणि ते नसावंही. प्रोफाइलमध्ये ‘फक्त दीपगृहं आणि नकाशे’ लिहिलं, की ज्याच्याकडे दोन्ही नाहीत तो खट्टू होतो आणि हाताशी असेल ते पाठवून देतो. चाळीस विषयांची यादी लिहिली तर कोणी शेवटपर्यंत वाचत नाही. त्यापेक्षा आवडीचे दोन विषय सांगा, आणि ते नसतील तर सहज जमेल असा एक पर्याय द्या: तुमच्या गावाचं कुठलंही साधं दृश्य, किंवा खिडकीतून आत्ता काय दिसतंय त्याच्या चार ओळी. नावडत्या गोष्टींची यादी काढून टाका. अशा प्रोफाइलला आलेल्या कार्डांचा दर्जा सुधारतो, कारण वाचणाऱ्याला आपल्याला जमण्याजोगं काहीतरी सापडतं. जाहिरातींची कार्डं कमी होतील, पूर्ण थांबणार नाहीत.

विषयाचं कार्ड हमखास हवं असेल तर मार्ग तीन. टॅग म्हणजे सदस्यांच्या मंचावरची साखळी: तुमच्या वरच्या माणसानं मागितलेलं कार्ड तुमच्याकडे असेल तर तुम्ही त्याला पाठवायचं आणि स्वतःची मागणी लिहायची, खालचा येईल तो तुम्हाला पाठवेल. राउंड रॉबिनमध्ये ठरावीक माणसांचा गट असतो. पाच जण असतील तर प्रत्येकानं उरलेल्या चौघांना एकेक कार्ड पाठवायचं. इथे विषय आधीच ठरलेला असल्यानं दीपगृहांच्या गटात दीपगृहंच येतात. आणि तिसरा मार्ग थेट अदलाबदलीचा.

थेट अदलाबदल फसते ती बहुतेक वेळा अप्रामाणिकपणामुळे नाही, अर्धवट ठरवल्यामुळे. एकानं कोरं कार्ड पाकिटातून धरलं होतं, दुसऱ्यानं लिहून उघडं टाकलं. एक म्हणाला ‘लवकरच’, आणि त्याचं लवकरच दोन महिन्यांनी उजाडलं. म्हणून पत्ते देण्याआधीच लेखी ठरवा: कुठलं कार्ड, लिहिलेलं की कोरं, उघडं की पाकिटात, आणि कुठल्या तारखेच्या आत टाकायचं. कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो मागा, कारण मागच्या बाजूवर प्रकाशक, क्रमांक आणि डाग दिसतात. पहिल्या खेपेला एकास एक. सहा कार्डांचा सौदा नवख्या माणसाशी करायचाच नाही. ज्याच्या पूर्ण झालेल्या अदलाबदली कमी त्यानं आधी टाकावं, हा रिवाज आहे आणि तो रास्त आहे. सध्या तुम्ही नवीन आहात, त्यामुळे काही काळ आधी पाठवायची बाजू तुमच्याकडेच येईल. दोघांचाही अनुभव बेताचा असेल तर तिकीट लावलेल्या कार्डाचा फोटो, पत्ता झाकून, एकाच दिवशी एकमेकांना पाठवा. तुमच्या त्या दोन अदलाबदलींत टाकल्याची तारीख कळली होती का ते आठवा. कळली असेल आणि आठ आठवडे झाले नसतील तर थांबा. कळली नसेल तर आज विचारा. उघड्या पोस्टकार्डाला माग नसतो, त्यामुळे ‘टाकलंय’ हा शब्द तपासता येत नाही. म्हणूनच आधीचा फोटो महत्त्वाचा.

देवाणघेवाणीत तोल कसा बघायचा, हेही सांगायला हवं. स्पेनमधल्या आ कोरुन्याचा हर्क्युलिसचा मनोरा २००९ पासून आणि फ्रान्सचं कोर्दुआं दीपगृह २०२१ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. त्यांची कार्डं दीपगृहवाले मागतात आणि वारसास्थळवालेही, म्हणून त्यांच्या बदल्यात कोणी साधं फुलांचं कार्ड घेत नाही. तुमच्या देशातल्या वारसास्थळांची, नकाशांची आणि कार्डावर क्वचितच दिसणाऱ्या लहान गावांची दहा-बारा कार्डं जवळ ठेवा. विषयसंग्रह करणाऱ्या माणसाला ती आकर्षित करतात. आणि स्वतःच्या विषयाची हद्द आत्ताच आखा. सरोवराकाठचा दीप, उदाहरणार्थ जर्मनीतल्या लिंडाउ बंदराचा, तुमच्या संग्रहात बसतो का? अनेक चित्रांच्या कार्डात कोपऱ्यात दीपगृह असेल तर ते धरायचं का? हद्द नसली तर प्रत्येक सौद्यात घासाघीस होते.

पहिल्या महायुद्धाच्या आधीची किंवा किमती कार्डं उघडी कधीच पाठवू नका. पॉलिप्रोपिलीनच्या पिशवीत कार्ड घाला, ते नालीदार पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत धरा, एकाच्या नळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या म्हणजे पाकीट कुठल्याच दिशेनं वाकत नाही. चिकटपट्टी पुठ्ठ्याला लावा, पिशवीला नाही. अशी कार्डं काही देशांत वस्तू म्हणून धरली जातात, तेव्हा पाकिटावर सीएन २२ ही सीमाशुल्काची चिठ्ठी लागते. काउंटरवर विचारून घ्या.

शेवटचा प्रश्न साठवणीचा. सगळ्यांत आधी पीव्हीसीचे अल्बम बाद करा. नवा अल्बम उघडताच रेक्झिनसारखा उग्र वास आला तर तो बहुधा पीव्हीसीच. त्यातला मऊपणा आणणारा पदार्थ काही वर्षांत बाहेर येतो, पानं चिकट होतात आणि चित्राचा रंग प्लास्टिकला चिकटून निघतो. पॉलिप्रोपिलीन, पॉलिएथिलीन किंवा पॉलिएस्टर यांपैकी काहीही चालतं. एका ए-४ पानात चार खिसे असतात, त्यांत १० बाय १५ ची कार्डं बसतात, १२ बाय १७ ची नाहीत. त्यामुळे आकारांची सरमिसळ असेल तर मी पेटीच सुचवते. आम्लमुक्त पुठ्ठ्याची पेटी, आत साधारण ११ बाय १६ सेंटिमीटर, मोठ्या कार्डांसाठी वेगळी. पिशवीत घातलेली शंभर कार्डं उभी लावली तर साधारण ५ सेंटिमीटर जागा घेतात. त्यात बोट घालून एक कार्ड सहज वर ओढता आलं पाहिजे, पण ती कलंडूही नयेत. रिकामी जागा असेल तर पुठ्ठ्याचा तुकडा सारून भरा. रबरबँड, पेपरक्लिप, लॅमिनेशन नको. वहीत डिंकानं चिकटवणं तर नकोच, कारण त्यात मागची बाजू कायमची जाते. ज्यांवर चिकटचित्रं किंवा टेप आहेत ती पिशवीशिवाय एकमेकांना लावून ठेवू नका, गरमीत डिंक सुटतो.

आर्द्रता ३५ ते ५० टक्के ही चांगली पातळी. दमट हवेत पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या वेळच्या वेळी वाळवा, नाहीतर त्या नुसत्या शोभेच्या राहतात. भिजून आलेलं कार्ड टिपकागदाच्या दोन तुकड्यांत ठेवून वर जड पुस्तक ठेवा, टिपकागद काही तासांनी बदला, पूर्ण वाळल्याशिवाय पिशवीत घालू नका. बुरशीचा ठिपका दिसलेलं कार्ड लगेच वेगळं काढा. भिंतीवर लावायची हौस असेल तर मूळ कार्डाऐवजी त्याची छापील प्रत लावा, उन्हात रंग उडतो तो परत येत नाही.

प्रत्येक कार्ड पेटीत जाण्याआधी दोन्ही बाजूंनी ३०० डीपीआयवर स्कॅन करा. मागच्या बाजूला डाव्या वरच्या कोपऱ्यात दोन-बी पेन्सिलीनं, दाब न देता, तुमचा क्रमांक टाका. पेन नाही, बॉलपेन तर नाहीच. तोच क्रमांक आलेल्या कार्डांच्या तक्त्यात, पुढे देश, दीपगृहाचं नाव, प्रकाशक, पाठवल्याची आणि आल्याची तारीख. स्कॅन कुठे दाखवणार असाल तर चित्राचीच बाजू दाखवा. मागची बाजू दाखवायचीच असेल तर पत्ता, आयडी आणि टपालाचा बारकोड तिन्ही झाका, कारण बारकोडवरूनही घराचा माग लागू शकतो, आणि पत्ता तुमचा असला तरी मजकूर आणि आयडी दुसऱ्याचे असतात.